बादूबाबांची पिकअप

अपघाताच्या गाड्या कशा बघायच्या हे मला आम्पोफो सरांनी शिकवलं. कुमासी शहरात आमच्या विमा कंपनीचं ऑफिस आहे. कुणाची गाडी ठोकली, उलटली, जळाली की आम्ही जाऊन ती बघतो. नुकसान किती झालंय आणि मालक सांगतोय तसंच झालंय का, हे तपासून रिपोर्ट देतो. लोक आम्हाला सर्व्हेअर म्हणतात, निदान तोंडावर तरी. पाठीमागे काय म्हणतात ते ऐकायचं असेल तर सुआमे भागातल्या गॅरेजांमधून एक चक्कर मारा. पत्र्याच्या आणि ग्रीसच्या त्या पसाऱ्यात आम्ही दोघं शिरलो की कुणीतरी हमखास ओरडणार, "अरे, झाका रे गाड्या! खोट काढणारे आले!" आणि दुसरा त्याला समजावणार, "घाबरतोस कशाला? देणार काहीच नाहीत, नुसतं बघून जातील."

सर यावर हसायचे नाहीत आणि चिडायचेही नाहीत. पन्नाशी उलटलेली, शर्टाला कडक इस्त्री, खिशात टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा. गाडीखाली जायचं असलं की पिशवीतून एक जुनाट कोट काढून शर्टावर चढवायचे. "आधी गाडी बघ, मग मालकाचं ऐक," पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं. "उलटं केलंस तर तो सांगेल तेवढंच तुला दिसत राहील."

दुसरा नियम होता, क्लेमवाल्याच्या, म्हणजे भरपाई मागणाऱ्याच्या, घरी काही खायचं नाही की प्यायचं नाही. पाण्याची पिशवीसुद्धा घ्यायची नाही. टेचिमानच्या उन्हात एकदा माझी जीभ टाळूला चिकटली होती, समोर बाई थंडगार पाणी घेऊन उभी होती, आणि सर म्हणाले, "नको, आमचं आत्ताच झालंय." गाडीत बसल्यावर मी भांडले. तर म्हणाले, "अफ्रिये, घशाखाली काही गेलं की पेन जड होतं."

पण त्या वर्षी त्यांना या कामाचा कंटाळा आला होता. मेव्हण्याचं सिमेंटचं दुकान होतं, तो भागीदारीत बोलावत होता. एकदा जेवताना मला म्हणाले, "मी ज्या घरी जातो ना, तिथला दिवस आधीच खराब झालेला असतो. आणि मला बघून आणखी खराब होतो. दुकानात निदान लोक आपल्या पायांनी, हसत येतात."

असुबोनीची फाइल आली ती जूनमध्ये. गोआसोच्या पलीकडं, कोकोच्या बागांमधलं हे गाव. तिथले एक शेतकरी, बादूबाबा, गावातले मानाचे म्हातारे, चर्चचे एल्डर, म्हणजे पंच. त्यांची पिकअप बाजाराहून येताना खड्ड्यात उलटली होती. जबाबात लिहिलं होतं, 'बकरी आडवी आली. गाडी मी स्वतः चालवत होतो.' खाली सही. मला ओबुआसीला दुसरं काम होतं म्हणून सर एकटेच गेले. आदल्या दिवसापासून त्यांचं डोकं दुखत होतं. दोन गोळ्या घेतल्या आणि पहाटेची बस धरली.

पुढचं मला सरांनी, बादूबाबांच्या बायको फोसुआमावशींनी आणि त्यांच्या मुलीनं, पोमानं, वेगवेगळ्या वेळी सांगितलं. तिघांचंही जुळतं. फक्त सर एकूण किती वेळा 'पाणी नको' म्हणाले, याबद्दल एकमत नाही.

सर गोआसोहून केलेल्या भाड्याच्या मोटरसायकलवरून उतरले तेव्हा बादूबाबा वाटेवरच उभे होते. साडेसहा फुटांचा माणूस, खजुराच्या झाडासारखा सरळ.

"या साहेब, या. आधी सावलीत बसा. फोसुआ, पाणी आण गं!"

"पाणी नको, बाबा. गाडी कुठाय?"

"गाडी काय पळून जातेय? तिचं पळणं संपलं. बसा तरी."

"नको. आधी गाडी."

घरामागे, कोको वाळवायच्या मांडवाशेजारी पिकअप ओढून आणून ठेवली होती. सरांनी नेहमीसारखी एक फेरी मारली. पुढचं नाक डावीकडून आत गेलेलं, टप दबलेलं, डावं चाक आत वळलेलं. खड्डा, उलटणं, सगळं जबाबाशी जुळत होतं. मग त्यांनी ड्रायव्हरचं दार ओढून उघडलं आणि आत डोकं घातलं.

सीट अगदी पुढं होती, जवळजवळ स्टिअरिंगला टेकलेली. सरांनी ती मागं सारायचा प्रयत्न केला. हलेना. खाली टॉर्च मारून पाहिलं, तर फरशीचा पत्रा दणक्यानं वर आला होता आणि सीट ज्या पट्टीवर सरकते ती पट्टीच वाकून सीट होती तिथंच गच्च बसली होती. म्हणजे अपघाताच्या क्षणी सीट इथंच होती. नंतर कुणी हलवू म्हटलं असतं तरी हलली नसती. आतला आरसाही खाली वळवलेला होता.

सरांनी मागं वळून पाहिलं. बादूबाबा कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांचे गुडघे त्या सीटमध्ये आणि स्टिअरिंगमध्ये मावणं कालत्रयी शक्य नव्हतं.

"बाबा," सर म्हणाले, "गाडी कोण चालवत होतं?"

"मीच की. लिहून दिलंय ना तुम्हाला."

"मग एकदा जरा..." 'आत बसून दाखवा' असं त्यांना म्हणायचं होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर कोकोचा मांडव गोल फिरायला लागला. दार धरायला गेले, ते हाताला लागलं नाही. बादूबाबांनी पुढं होऊन त्यांना काखेत धरलं म्हणून, नाहीतर कपाळमोक्षच व्हायचा.

"फोसुआ! पोमा! धावा गं, साहेब पेटलेत! अंग बघा, तवा झालाय!"

मलेरिया होता. गावच्या आरोग्य केंद्रातली नर्स आली, तिनं सुई टोचून रक्त पाहिलं, इंजेक्शन दिलं, गोळ्या लावून दिल्या आणि म्हणाली, "यांना आज हलवायचं नाही. त्या रस्त्यावरून मोटरसायकलवर नेलंत तर गोआसोपर्यंतही पोचायचे नाहीत."

बादूबाबांनी आपली खोली रिकामी केली. स्वतःच्या पलंगावर सरांना झोपवलं आणि आपण ओसरीवर चटई टाकली. फोसुआमावशी उशाशी बसल्या, फडकं भिजवून कपाळावर ठेवत. वाटी ओठांना लावली की सर तोंड फिरवायचे.

"पाणी नको... मी ड्युटीवर आहे."

"काय म्हणतोय हा?" मावशींनी पोमाला विचारलं.

"ड्युटीवर आहे म्हणतात."

"कसली ड्युटी? मरायची?" मावशींनी त्यांचं नाक दाबलं, तोंड उघडलं, आणि पाणी ओतलं. "घे, पी. ड्युटीला मी बघते."

सरांचा फोन वाजला तोही मावशींनीच उचलला. पलीकडे त्यांच्या बायको, अडोमाबाई.

"कोण बोलतंय?" अडोमाबाईंनी घाबरून विचारलं.

"मी असुबोनीची फोसुआ. घाबरू नकोस बाई. तुझा नवरा माझ्याकडे आहे. ताप आहे, पण नर्स येऊन गेली. माणूस चांगला दिसतोय. पण पाणी का पीत नाही गं? तुमच्यात काही नवस-बिवस आहे का?"

अडोमाबाई आधी रडल्या आणि मग इतक्या हसल्या म्हणे, की मावशींनाही हसू आवरेना. दोघींचं त्या दिवसापासून जमलं ते जमलंच. अडोमाबाईंना निघून यायचं होतं, पण मावशी म्हणाल्या, "लेकरांना टाकून कुठं येतेस? तू रोज फोन कर. तुझ्यापेक्षा मी जास्त दटावून खायला घालीन."

ताप थोडा उतरला की सर पडल्या पडल्या घरातले आवाज ऐकायचे. कोंबड्या, मुसळाचे ठोके, बादूबाबांची सकाळची प्रार्थना. त्या प्रार्थनेत रोज 'या आमच्या पाहुण्याला बरं कर' असं असायचं. पाहुणा. इतक्या वर्षांत कुठल्या क्लेमवाल्यानं त्यांना पाहुणा म्हटलं नव्हतं. आणि हा म्हातारा आपल्याशी खोटं बोललाय, हेही त्यांना माहीत होतं. ते मला म्हणाले, "अफ्रिये, तापापेक्षा ते जास्त जाळत होतं. मावशी सूप भरवायच्या, धुरावलेल्या मासळीचं, असं पातळ, तिखट. चव आली तोंडाला की वाटायचं, हे मी कुणाचं खातोय?"

पोमा औषध द्यायला यायची. पंचविशीतली, ठेंगणी, गोल चेहऱ्याची, बडबडी. ती वाकली तेव्हा एकदा गळ्यावरून तिचा कपडा जरा सरकला. डाव्या खांद्यापासून छातीकडं तिरका गेलेला पिवळट-हिरवा वळ. सीटबेल्टचा. आमच्याकडं स्टिअरिंग डाव्या बाजूला, तेव्हा डाव्या खांद्यावरून पट्टा येतो तो चालवणाऱ्याच्याच. सरांनी डोळे मिटून घेतले.

"मामा, झोप येतेय का?" पोमानं विचारलं. आईनं त्यांना भाऊ मानलं तेव्हापासून ती त्यांना मामा म्हणायला लागली होती.

"हो पोरी," सर म्हणाले. झोप कसली येतेय!

शुक्रवारी सर उठून ओसरीवर येऊन बसले. पाय अजून लटपटत होते. मावशींनी सकाळीच रताळ्यासारखा याम उकडून, पाम तेलात केशरी होईतो घोटून एतो केला होता. वर सोललेली उकडलेली अंडी. जिवावरच्या प्रसंगातून सुटलेल्या माणसाला आमच्याकडं त्याच्या जन्मवाराला हा एतो खायला घालतात, त्याच्या जिवाचे आभार म्हणून. पोमाचा जन्मवार शुक्रवार. आदल्या शुक्रवारी तिचं अंग इतकं ठणकत होतं की बसवत नव्हतं, म्हणून तो या शुक्रवारी केला होता. मावशींनी थाळी उचलली, आणि अंडी कुणासमोर ठेवली? 'मी चालवत होतो' म्हणणाऱ्या बादूबाबांसमोर नाही. पोमासमोर.

सरांनी ते पाहिलं. बादूबाबांनी सरांनी पाहिलेलं पाहिलं, आणि मान खाली घातली.

मावशींचं मात्र कुणाकडं लक्ष नव्हतं. त्यांनी थाळीतलं एक अंडं उचललं आणि सरांच्या तळहातावर ठेवलं.

"हे तुझं, भाऊ. तूही परत आलायस. तुझा वार कोणता का असेना, आज खा."

सर ते अंडं हातात धरून बसले. मला नंतर म्हणाले, "माझी आई गेल्यानंतर कुणी माझ्यासाठी अंडं सोललं नव्हतं, अफ्रिये. आणि मला ते तोंडात घालता येईना."

शेवटी त्यांनी अंडं खाली थाळीत ठेवलं आणि म्हणाले, "बाबा, गाडी पोमा चालवत होती."

पोमाचा हात थाळीतच राहिला.

"सीट पुढं आहे, पट्टी वाकून तिथंच अडकलीये," सर म्हणाले. "तुमचे गुडघे तिथं मावत नाहीत. पोरीच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ आहे. मला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुमच्या घरचं अन्न खाल्लं म्हणून मी लपवणार नाही. आणि तुमच्या पाठीमागं लिहून पाठवायचंही मला जमणार नाही, म्हणून तोंडावर सांगतोय."

बादूबाबा म्हणाले, "हो. तीच चालवत होती. मी तर घरी होतो, कोको उलटा-पालटा करत. गाडीत पोमा आणि तिच्या दोन आत्या होत्या."

"आत्यांकडून भाडं घेतलं होतं?"

"भाडं?" पोमा उसळली. "मामा, त्या माझे टोमॅटो फुकट घेऊन गेल्या! उलटल्यावर रडायच्या आधी टोमॅटो गोळा केले त्यांनी!" भाड्यानं माणसं नेली असती तर क्लेम तिथंच संपला असता.

"मग तुम्ही खोटं का सांगितलंत, बाबा?"

"विमा माझ्या नावावर आहे ना," बादूबाबा म्हणाले. "ज्यानं विकला तो सांगून गेला, 'बाबा, तुमच्या नावावर आहे, सांभाळा.' मला वाटलं, माझ्या नावावर म्हणजे माझ्याच हातात स्टिअरिंग पाहिजे. दुसऱ्या कुणी चालवली म्हटलं तर एक पैसा मिळायचा नाही. आणि ती गाडी गेली तर ही पोरगी काय करणार? गावाचा निम्मा माल तीच बाजारात नेते."

"पोमा, तुझ्याकडं लायसन्स आहे?"

"आहे की! सुन्यानीला जाऊन काढलंय. रिव्हर्समध्ये दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास." ती आत पळाली आणि प्लास्टिकच्या पिशवीत, बाप्तिस्म्याच्या कार्डाबरोबर जपून ठेवलेलं लायसन्स घेऊन आली. सरांनी तारीख पाहिली, उलटून पाहिलं, पुन्हा तारीख पाहिली. आणि त्यांना हसू यायला लागलं. अशक्त अंगानं ते इतके हसले की खोकला आला आणि मावशींनी पाठ चोळायला घेतली.

"काय झालं? काय झालं त्याला?"

"बाबा," सर डोळे पुसत म्हणाले, "तुमच्या पॉलिसीत गाडी कुणीही चालवली तरी चालते. तुमची परवानगी पाहिजे आणि त्याच्याकडं लायसन्स पाहिजे. बस्स. पोमा चालवत होती असं खरं सांगितलं असतंत तरी क्लेम मिळाला असता."

बादूबाबा त्यांच्याकडं बघतच राहिले. "म्हणजे... मी उगाच?"

"उगाच."

"जन्मभर चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलो," म्हातारा हळूहळू म्हणाला. "आयुष्यात एक लिहून-सही करून खोटं बोललो, तेही फुकट!"

मावशींनी खांद्यावरच्या कापडाआड तोंड लपवलं, पण खांदे हलत होते. पोमा तर लोळलीच.

सर मात्र गंभीर झाले. "ऐका बाबा, एवढं सोपं नाहीये. तुम्ही सही करून खोटं दिलंय, नुसत्या त्याच्यावरून कंपनी नाही म्हणू शकते. ते मला झाकता येणार नाही. तुम्ही आज नवा जबाब द्या, जे झालं ते सगळं, खोटं का बोललात तेही. निर्णय मी घेणार नाही. मी तुमच्या घरी राहिलोय, जेवलोय, म्हणून ही फाइल दुसऱ्या कुणाकडं द्या असं मीच सांगणार आहे."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही."

बादूबाबांनी मान हलवली. तेवढ्यात मावशींनी थाळीतलं ते अंडं पुन्हा उचललं आणि सरांच्या हातात दिलं.

"तुम्हा पुरुषांचं झालं असेल तर खा आता. आम्ही तुला खायला घातलं ते क्लेमसाठी नाही, भाऊ. तू आमच्या दारात पडला होतास म्हणून."

या वेळी ते अंडं सरांच्या घशाखाली उतरलं.

ऑफिसात परत आले तेव्हा ते निम्मे झाले होते, कॉलर गळ्याभोवती सैल. सरळ ताचिवा मॅडमच्या केबिनमध्ये गेले, माझ्यासमोरच. ताचिवा मॅडम आमच्या क्लेम विभागाच्या प्रमुख, शब्दाला धारदार.

"मॅडम, मी क्लेमवाल्याच्या घरी तीन-चार दिवस राहिलो. पाणी प्यायलो, सूप खाल्लं, अंडं खाल्लं. फाइल माझ्याकडून काढून घ्या."

मॅडमनी चष्मा खाली केला. "आम्पोफो, तुम्ही पाणी प्यायलात?"

"हो मॅडम."

"एवढ्या वर्षांत मी तुम्हाला माझ्या मुलाच्या लग्नातसुद्धा दोन घोटांवर प्यायलेलं पाहिलं नाही." मग त्यांनी दोन्ही जबाब वाचले, जुना आणि नवा, आणि माझ्याकडं फाइल सरकवली. "अफ्रिये, तू जा. बघून ये. आणि तूही तापाने पडू नकोस, तिथं पलंग एकच आहे असं दिसतंय."

मी गेले. मला गाडीभोवती फेरी मारताना पाहून पोमा म्हणाली, "अगदी मामांसारखीच चालतेस गं." सीट खरोखरच गच्च होती. मीही ठेंगणीच. मी आत बसले, तर पाय पेडलवर अलगद टेकले, आरशात मागचं सगळं नीट दिसलं. मग मी बादूबाबांना बसायला सांगितलं. ते एक पाय आत घालू शकले, दुसरा बाहेरच राहिला. अर्ध्या अंगानं लटकत म्हणाले, "पुरे का, बाई? नव्या जबाबात हेही लिहू का?" मी आत्यांना भेटले, बकरीच्या मालकाला भेटले, त्याला तर पोमानं बकरी वाचवल्याचं कौतुकच फार. पाणी विचारलं तेव्हा मी क्षणभर अडखळले. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तूही ड्युटीवर आहेस का?" मी प्यायले.

मॅडमनी दोन दिवस फाइल ठेवून घेतली. वरच्या साहेबांशी त्यांचं बरंच बोलणं झालं, दारं बंद करून. पैसे जायच्या आत माणसानं स्वतःच्या सहीनं खरं लिहून दिलं आणि गाडी तेच सांगतेय, असं त्यांचं म्हणणं होतं. क्लेम मंजूर झाला. बादूबाबांना एक कडक पत्र गेलं, जे त्यांनी चर्चमध्ये आपण होऊन वाचून दाखवलं म्हणे. पिकअप सुआमेत दुरुस्तीला आली. ज्या गॅरेजवाल्यांनी आम्हाला खोट काढणारे म्हटलं होतं त्यांच्याकडंच. सर रोज संध्याकाळी घरी जाताना तिथं थांबायचे, हे त्यांच्या कामात नव्हतं. वेल्डरला म्हणायचे, "इथं नीट जोड, वर गावाचा निम्मा बाजार बसणार आहे."

वेल्डर वैतागून म्हणायचा, "अहो, तुमची गाडी आहे का?"

"नाही," सर म्हणायचे, आणि उभेच राहायचे.

सिमेंटच्या दुकानाचं त्यांनी मेव्हण्याला त्याच महिन्यात नाही म्हणून कळवलं. मी कारण विचारलं. तर म्हणाले, "मला वाटायचं लोक पैशासाठी खोटं बोलतात आणि मी ते पकडतो, एवढंच माझं काम. निम्मे तर नुसते घाबरलेले असतात गं. आपल्या पॉलिसीत काय आहे हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यांच्यापुढं बसून ते सांगणारं कुणीतरी पाहिजे ना?" तेव्हापासून ते गाडी बघून झाली की मालकाला सावलीत बसवतात, आणि कोण चालवत होतं हे विचारायच्या आधी पॉलिसी त्याच्या भाषेत वाचून दाखवतात. यात वेळ जातो. आमच्या फाइली आता थोड्या उशिरा निघतात आणि मॅडम ओरडतात. पण खोटे जबाब कमी झालेत, हेही मॅडमनीच एकदा मीटिंगमध्ये सांगितलं. खरं बोलूनही क्लेम न मिळणारेही भेटतात. त्यांना सर तसंच तोंडावर सांगतात. काही शिव्या देतात. एकानं तर दारातून हाकलून दिलं. पण काही नुसतं 'बरं' म्हणतात आणि निरोपाला रस्त्यापर्यंत येतात.

नोव्हेंबरात असुबोनीच्या चर्चमध्ये वर्षाच्या पिकाबद्दल आभार मानायची रविवारची मोठी प्रार्थना होती. सर रजा टाकून स्वतःच्या खर्चानं गेले. अडोमाबाई नवा कापडाचा जोड नेसून बरोबर, आणि मीही. मावशींनी अडोमाबाईंना पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिलं आणि दोघी अशा गळ्यात पडल्या की जणू एका घरात वाढल्यात.

तिथं रीत अशी, की ज्याला देवाचे किंवा माणसांचे आभार मानायचेत त्यानं पुढं यावं आणि दोन शब्द बोलावेत. एकानं चांगल्या कोकोचे मानले, एकीनं नातवाचे. मग बादूबाबांनी सरांकडं बघून भुवई उडवली. सर उठले. हजार रिपोर्ट लिहिलेला हा माणूस, पण पुढं जाऊन उभा राहिला तर हात कुठं ठेवावे कळेना.

"मी क्वाकू आम्पोफो," ते म्हणाले. "कुमासीहून. मी अपघातातल्या गाड्या बघतो." मागच्या बाकावर थोडी कुजबुज झाली. "जूनमध्ये मी या गावात आजारी पडलो. ज्या घरानं मला दारातूनच परत पाठवलं असतं तरी चाललं असतं, त्या घरानं मला आपला पलंग दिला. मी..." ते थांबले. पुढचं वाक्य त्यांनी बहुधा पाठ करून आणलं होतं आणि ते आठवेना. "मी बरा झालो," ते शेवटी म्हणाले. "एवढंच. तुमचे आभार."

मावशींनी बाकावरूनच गाणं उचललं. बायकांनी पांढरे रुमाल काढले, ढोलवाल्यानं ताल धरला, आणि पोमानं येऊन सरांचा हात ओढला. आम्पोफो सरांना मी लॉरीखाली सरपटताना पाहिलंय, नाल्यात उतरताना पाहिलंय, पण नाचताना कधी नाही. ते नाचले. वाईट नाचले. पाय एकीकडं, खांदे दुसरीकडं. अडोमाबाई रुमालात तोंड घालून हसत होत्या, आणि साडेसहा फुटांचे बादूबाबा सरांच्या डोक्यावर आपला रुमाल फिरवत होते. मावशी ओरडल्या, "कमरेतून, भाऊ, कमरेतून!" आणि सर, इस्त्रीच्या शर्टात घामाघूम, आणखी एक फेरी मारायला वळले.